भीमसेनअण्णांची गिऱ्हाइकं

भीमसेनअण्णांची पिठाची गिरणी विकत घेतली, की प्रभंजनला सगळ्या गल्लीचं दळण आयतं मिळणार होतं. सुभाष रोडच्या मागं, अण्णांच्या बरोब्बर समोर, त्याची स्वतःची गिरणी तीन वर्षं उभी होती. पीठ बारीक, दर कमी, आणि गिऱ्हाईक नाही.

उपाय सगळे करून झाले होते. एकदा त्यानं कुसुमअक्कांना रस्त्यातच गाठलं.

"अक्का, एकदा दळून तर बघा. किलोमागं चार आणे वाचतील."

"पीठ चांगलं असेल रे तुझं. पण रोज अण्णांच्या दारावरून देवळात जाते मी. चार आण्यांसाठी तोंड लपवत जाऊ?"

"अहो, ते ज्वारीत गहू मिसळतात!"

"मिसळू देत. इतकी वर्षं पचतंय."

त्यामुळं गुडघ्यांपायी अण्णांनी गिरणी विकायला काढली, तेव्हा प्रभंजननं घासाघीससुद्धा केली नाही. झिजलेलं जातं कुणाला हवं होतं? तो माणसं विकत घेत होता. पैसे आले ते नेत्राची, त्याच्या बायकोची, माहेरून मिळालेली उणकलची जागा विकून.

"तिथं घर बांधायचं होतं आपल्याला," ती म्हणाली.

"दोन वर्षं थांब. दोन मजली बांधू!"

मग त्यानं शहाणपणा केला. दोन ठिकाणचं वीजबिल कशाला, म्हणून अण्णांच्या दाराला कुलूप लावलं आणि सगळे डबे आपल्याकडं उचलून आणले. पहिला महिना बरा गेला. श्रावणात डबे विरळ झाले, दिवाळीत तर भाजणीसुद्धा कुणी पाठवली नाही. त्यानं पुन्हा अक्कांना गाठलं.

"सून म्हणाली, दुकानात आट्याची पिशवी मिळते," अक्का म्हणाल्या. "ज्वारीच्या भाकऱ्या शालिनीबाई घरपोच देते. डबा कुणी उचलायचा बाबा?"

"अण्णांकडं उचलत होता की!"

"अण्णांना नाही कसं म्हणायचं रे? त्यांनी गिरणी सोडली, सुटले सगळे. तुझी कसली भीड?"

त्या दिवशी त्याला कळलं, की गल्ली धरून ठेवली होती ती उघड्या दारात बसणाऱ्या अण्णांच्या भिडेनं, आणि ते दार त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

दोन्ही गिरण्या अळणावर गावच्या एकानं मोडीच्या भावात नेल्या. अण्णांना त्यांची रक्कम पोचली होती. अक्कांच्या सुनेची दळणातून सुटका झाली, पिशवीवाल्याला न मागता गल्ली मिळाली. प्रभंजन हुबळीत पगारावर लागला, म्हणजे त्याचंही निभावलं. किंमत नेत्रानं भरली, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.