अबू हानींचा शब्द

वाईल सैरफीने कॉफीचा कप उचलला आणि ओठाला न लावता समोर ठेवला. अम्मानमध्ये शेंबडं पोरही याचा अर्थ ओळखतं: पाहुणा काहीतरी मागायला आलाय आणि हो म्हटल्याशिवाय घोट घेणार नाही. डॉ. लमीस स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, पण तिचे वडील अबू हानी तिच्यापेक्षा चपळ निघाले. एवढ्या बड्या घरचा मुलगा दारी आलेला पाहून म्हाताऱ्याची छाती फुगली होती.

"घे बाबा, कॉफी घे. मागशील ते दिलं," ते म्हणाले. काय मागणार, हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही.

वाईलने कप रिकामा केला आणि मग मागणं मांडलं. "आईला कळता कामा नये. औषध सुरू करा, पण रक्त कमी आहे म्हणून सांगा."

चूक लमीसचीच होती. वाईलच्या आईच्या, उम्म वाईलच्या, तपासणीचा निकाल तिने आधी मुलाला सांगितला होता. इथे सगळे डॉक्टर तसंच करतात, आणि घरचे 'तो आजार' यापलीकडे त्याचं नाव घेत नाहीत. पण हे औषध दुकानात मिळणारं नव्हतं. अम्मान, कैरो आणि ट्यूनिसची तीन इस्पितळं मिळून त्यावर संशोधन करत होती, आणि तिन्हींना एकत्र आणणारा पैसा उम्म वाईलचाच होता. बाईंनी एकच अट घातली होती: रोग्याला आजाराचं नाव सांगायचं आणि त्याच्या संमतीनेच औषध द्यायचं. नवे रोगी घ्यायचा उद्या शेवटचा दिवस होता.

"संमती खोटी निघाली तर तिन्ही शहरांच्या कामावर पाणी पडेल," लमीस म्हणाली.

"आणि आई खचली तर? डॉक्टर, तुमच्या वडिलांनी शब्द दिलाय. तो मोडलात, तर आईच्या मागे या कामाला पैसा द्यायचा की नाही हे मी ठरवणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

तो गेल्यावर बाप-लेकीची जुंपली.

"न ऐकता शब्द कशाला दिलात, बाबा?"

"माझ्या घरात, माझ्या कॉफीवर दिला. तू मोडलास तर मशिदीत मी कुणाच्या शेजारी बसू?"

"आणि पाळला, तर त्या बाईंना त्यांच्याच पैशाने फसवू?"

अबू हानी उठून आत गेले. बापाला इतकं लहान झालेलं लमीसने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला रडू आलं.

सकाळी ती सैरफींच्या घरी गेली. वाईल आईच्या खुर्चीमागे पहारेकऱ्यासारखा उभा होता.

"तोंड का उतरलंय, पोरी?" उम्म वाईल म्हणाली. "रक्तच कमी आहे ना? हा कालपासून मला कलेजी चारतोय. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही मेल्याने."

"रक्तच कमी आहे. हो ना, डॉक्टर?" वाईलने विचारलं.

लमीस उम्म वाईलच्या समोर बसली. "नाही, उम्म वाईल. कॅन्सर आहे, आतड्याचा. औषध घ्यायचं की नाही, हे तुम्हीच सांगायचं."

"तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता," वाईल ओरडला.

"खरं?" म्हातारीने लमीसकडे पाहिलं.

"हो. कॉफीवर."

"आणि तू मोडलास. लाज नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटतेय."

आता उम्म वाईल आपल्याला घराबाहेर काढणार, आणि तीन शहरांचं कामही इथेच संपणार, असं लमीसला वाटलं.

"मीही असा शब्द दिला होता," उम्म वाईल म्हणाली. "दिरांना. याच्या बापाला काही सांगणार नाही म्हणून. मी पाळला. तो माणूस शेवटच्या दिवशीसुद्धा मला विचारत होता, अल्सरने माणूस एवढा वाळतो का गं? आणि मी म्हणाले, वाळतो."

तिने मागे न बघता वाईलचा हात शोधला आणि त्याला पुढे ओढलं.

"मला भीती वाटतेय, वाईल. फार वाटतेय. तुझ्या बापाला हे कुणाला सांगताही आलं नाही. बस इथे, आणि ऐक."