फरशीखाली गेलेली चार बोटं

मी लाकडाचा एक खांब. शाळा कशी असते मला ठाऊक नाही. अंगावर एक लाल रेघ आहे, तेवढंच माझं शिक्षण. त्या एका रेघेवर मी बावीस वर्षं नोकरी केली. घाई नसेल तर बसा, सावकाश सांगतो.

खेळांच्या बागेत मोठ्या उडत्या पाळण्याच्या फाटकाशी मला पुरलं. रंगाऱ्यानं जमिनीपासून मापून रेघ ओढली आणि म्हणाला, "ज्याचं डोकं इथं लागेल तो आत. बाकीच्यांनी घरी जाऊन वाढायचं."

पोरं यायची, माझ्याकडं पाठ करून उभी राहायची. कुणी टाचा उचलायचं, कुणी केस वर बांधून यायचं. आया म्हणायच्या, "आता ताठ हो की. एरवी झाडासारखा वाढतोस म्हणे." ऊन ऊन डोकी अंगाला टेकायची. माणसाचा स्पर्श म्हणाल तर तेवढाच. जी पुरायची ती आत पळायची. जी कमी पडायची ती माझ्याकडं रागानं बघायची, पण बघायची तरी. पुढच्या वर्षी तीच वाढून यायची आणि ओळखही न दाखवता शेजारून जायची.

फाटकावर ब्रेकमामा असत. ब्रेकचा दांडा त्यांच्या हाती, म्हणून हे नाव. मी माप दिलं तरी ते पोराला जवळ उभं करून आपल्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला डोकं लागतं का बघत. जुनी खोड.

एकदा फाटकापुढं नवी फरशी घालायची निघाली. गवंडी मला उपटायला आला, तर बागेचे साहेब म्हणाले, "मापाचा खांब आहे तो. हलवू नका, माप चुकेल." मग त्यानं मला जिवापाड जपत भोवतीनं फरशी बसवली. जमीन चार बोटं वर आली, माझी रेघ तेवढीच खाली गेली. मला कळत होतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

दुसऱ्याच सकाळी एक मुलगी वडिलांना ओढत आली. महिन्यापूर्वी मीच तिला परत पाठवलं होतं. आज तिचं डोकं रेघेला लागलं.

"बाबा, पुरले मी."

पुरली नव्हती. पाळण्यातल्या खुर्चीचा आडवा दांडा तिला धरणार नव्हता. पाळणा वर जाऊन कलला की ती खालून निसटली असती.

मामांनी तिला जवळ घेतलं. ते नव्या फरशीवरच उभे होते, त्यामुळे बटणाला सगळं बरोबर दिसलं. "हिला नाही सोडता यायचं," ते म्हणाले.

"अहो, खांबाला लागली की. तुमचा सदरा काय सरकारी आहे?" वडील म्हणाले. रांग हसली.

"घरचाच आहे. पण पोर पडली तर तोंड मलाच दाखवायचंय."

मुलगी रडायला लागली. "खांब हो म्हणाला ना पण," ती म्हणाली. ते मला फार लागलं.

टेप आणला. टेप मामांसारखंच बोलला. वडिलांनी पोरीला कडेवर घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. "हे आधी कुणी बघितलं नाही?" साहेबांनी विचारलं. गवंडी बिचारा आभाळाकडं बघत राहिला.

दुपारी लोखंडी खांब उभा राहिला. मला उपटायचं तर फरशी फुटली असती, म्हणून करवतीनं जमिनीलगत कापलं. माझं बूड अजून तिथंच आहे, वरून पावलं जातात.

मी आता सामानाच्या खोलीत, फाटक्या खुर्च्यांना टेकून. ग्रीसचा डबा न्यायला कुणी येतं, दार ओढून जातं. मामाही नोकरीतून सुटले.

परवा वेल्डरच्या दोन पोरी खेळत आत आल्या. धाकटी पाठ लावून उभी राहिली. थोरली म्हणाली, "लागलीस. जा तू पाळण्यात." किती दिवसांनी एक ऊन डोकं टेकलं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग अंगावर काटा आला.

म्हणून एकच मागणं आहे. माझी फळी करा, कशालाही टेकू म्हणून लावा, चुलीत घातलंत तरी चालेल. पण आधी ती लाल रेघ तासून टाका. पोरं अजून माझं खरं मानतात.