हिंमतरावांच्या हातातली थरथर

मित्रांनो, माझ्या अंगावर सध्या कृष्णकमळाची वेल चढली आहे. त्यामुळे रोपवाटिकेत येणारी माणसं मला बांबू समजतात. समजू देत बापडी! पण मी एक जुना शाफ्ट आहे. पिकअप गाडीच्या पोटाखाली फिरणारा, अस्सल पोलादी शाफ्ट. गाडीचं इंजिन असतं पुढे आणि गाडीला ढकलणारी चाकं मागे. पुढचं बळ मागच्या चाकांपर्यंत पोचवायचं काम माझं. मी फिरलो तर चाकं फिरणार, नाहीतर गाडी जागच्या जागी. एवढी मोठी जबाबदारी, पण तुम्ही कधी माझं नाव तरी ऐकलं होतं का? नाही ना? वाटलंच मला.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झाला. मला यंत्रावर गरगर फिरवलं, तोल जात होता तिथे नखाएवढी पत्र्याची चकती चिकटवली आणि तिथल्या साहेबांनी माझ्या पाठीवर खडूने 'पास' अशी खूण केली. त्या खुणेचा मला कोण अभिमान! पहिल्याच चिखलात ती पुसली गेली, ते सोडा.

आमची गाडी घेतली हडपसरच्या पुढे मांजरीला राहणाऱ्या हिंमतरावांनी. त्यांच्या शेतावर आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. सहा गुंठे तेवढे उरले होते. त्यात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंनी रोपवाटिका थाटली. मुक्ताबाई बी रुजवायच्या आणि हिंमतराव कलमं बांधायचे. गुलाबाचं असो की आंब्याचं, कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

काय दिवस होते ते! सकाळी सकाळी कुंड्या भरायच्या आणि निघायचं. सोमवारी येरवड्याच्या सोसायट्या, गुरुवारी वारज्याच्या. मुक्ताबाई शेजारी बसायच्या, मांडीवर एखादं नाजूक रोप घेऊन. कात्रजच्या चढाला बाकीच्या गाड्या धापा टाकायच्या, पण मी कधी हूं की चूं केलं नाही. चढ संपला की हिंमतराव डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचे, "वाघ हाय माझा वाघ!" ती थाप मला खाली ऐकू यायची. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र बॉनेटला. माझ्या वाट्याला रस्त्यावरचं पाणी आणि आठवण झालीच तर थोडं ग्रीस. वर्षभर ती आठवण कुणाला होत नसे.

मग पाच वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. सोसायट्यांना रोपं नकोशी झाली, आयती वाढलेली झाडं हवीत म्हणे. आडवी झाडं मावावीत म्हणून हिंमतरावांनी गाडी मागच्या बाजूने दोन फूट लांबवून घ्यायची ठरवली. गाडी लांबली म्हणजे मीही लांबायला हवा. काम करणारा कारागीर म्हणाला, "एवढ्या लांबीला शाफ्ट दोन तुकड्यांत करू. मध्ये बेअरिंगचा आधार देऊ."

"मधी सांधा नगं," हिंमतराव म्हणाले. "सांधा आला की कुरकुर आली. सलगच बसव."

म्हणून मला कापून लांब नळी जोडली. खरं सांगतो, मी तेव्हा फुगलो होतो. एवढा लांब शाफ्ट अख्ख्या हडपसरात नसेल, असं मला वाटायचं. पण दोन मैत्रिणी दोरी धरून फिरवतात, तेव्हा ती दोरी मधोमध कशी फुगते, पाहिलंय ना? माझंही तसंच व्हायला लागलं. गाडीचा वेग पन्नासच्या पुढे गेला की मी मधोमध थडथडायचो. ती थरथर खालच्या पत्र्यात जायची, तिथून सीटमध्ये, गिअरच्या दांड्यात आणि शेवटी हिंमतरावांच्या हातात.

सुरुवातीला ती थोडी होती, मग वाढत गेली. दीड तास गाडी चालवून ते वारज्याला उतरले की हाताला मुंग्या आलेल्या असायच्या. टपरीवरचा चहा बोटांवर सांडायचा. एकदा त्यांच्या मुलाने, समर्थने, ते पाहिलं. समर्थ आयटीत नोकरीला. त्याने गाडीचे टायर बदलून घेतले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली, तरी फरक पडेना. मग तो वडिलांना म्हणाला, "दादा, प्रॉब्लेम गाडीत नाहीये. तुमच्या हातांना कंप सुटलाय. हे सेफ नाही आता." मुलगा मनाने वाईट नव्हता, त्याचा जीव तुटत होता.

हिंमतरावांनी आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "बरं. काढू इकायला."

गिऱ्हाईक ठरलं, लोणी काळभोरचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी न्यायची. मी खालून नुसता ओरडत होतो, "अहो हिंमतराव, तो मी आहे! तुमचे हात चांगले आहेत!" पण शाफ्टचं ओरडणं म्हणजे निव्वळ घरघर. ती ऐकून त्यांनी वेग आणखी कमी केला. मित्रांनो, त्या दिवसांत मला माझीच लाज वाटायची.

दसऱ्याला चार दिवस राहिले होते. गाडी आंब्याच्या रोपांशेजारी उभी होती आणि हिंमतराव तिथेच कलम बांधत होते. ब्लेडने काडीला पाचर काढली, खाचेत बसवली, वरून पट्टी गुंडाळली. मुक्ताबाई पाणी घालता घालता थांबल्या.

"अवं, बोटं बघा की जरा. बिलेड हातात हाय, तरी तसूभर हलली न्हाय."

"मग?"

"मग हात गाडीतच कसा थरथरतो?"

"वय झालं, म्हणतोय पोरगा."

"वय काय शिटावर बसलं की हुतं आन् उतरलं की जातं व्हय?"

हिंमतरावांनी ब्लेड खाली ठेवलं. बाईंनी हात धुतले आणि त्यांना तसंच गाडी काढायला लावून हडपसरला धम्मदीपच्या गॅरेजवर आणलं.

धम्मदीप बोलायला कंजूष. त्याने किल्ली घेतली आणि एकटाच सोलापूर रस्त्यावर चक्कर मारून आला. उतरल्यावर हिंमतरावांसमोर हात पसरला. बोटं बारीक थरथरत होती.

"काका, माझं वय बत्तीस. आता मीही घरी बसू का?"

मग तो बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला आणि माझ्यावर पान्याने ठक्क केलं. "हा बघा तुमचा म्हातारा. हा काढायचा आणि दोन तुकड्यांचा बसवायचा."

म्हणजे मी आता भंगारात! पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, सापडलो एकदाचा! सुटले हिंमतराव!

ते मात्र पुन्हा अडले. "मधी सांधा म्हंजी..."

"जल्मभर दोन काड्या जोडून झाडं केली तुमी," मुक्ताबाई कडाडल्या. "तवा सांधा चालला, आन् लोखंडालाच सोवळं?"

हिंमतराव हसले. कित्येक महिन्यांनी हसले, आणि तेही पोटभर.

दुसऱ्या दिवशी माझे बोल्ट सुटले. माझ्या जागी दोन आखूड, चकचकीत शाफ्ट बसले आणि त्यांच्यामध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग, गाडीच्या सांगाड्याला घट्ट धरून. मला गोणपाटावर, गाडीच्या हौद्यात ठेवलं. वाईट वाटलं का? वाटलं. का नाही वाटणार? पण पंधरा वर्षं ज्या रस्त्याचं फक्त डांबर पाहिलं, त्याच्या कडेची झाडंही मी त्या दिवशी पाहिली. त्यातली कितीतरी आम्हीच पोचवली होती.

समर्थही ऑफिसमधून आला होता. तो आईबरोबर पुढे बसला. हिंमतरावांनी गाडी उरुळीपर्यंत साठच्या वेगाने नेली. पत्रा वाजला नाही, सीट हलली नाही. टपरीवर थांबून चहा घेतला. ग्लास काठोकाठ होता, एक थेंब सांडला नाही. समर्थ त्या ग्लासाकडेच बघत होता.

"सॉरी, दादा."

"आरं, मलाबी खरंच वाटलं हुतं," हिंमतराव म्हणाले. समर्थने तिथूनच लोणीच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही सांगितलं.

खंडेनवमीला विळा, कुदळ, कलमाचा चाकू पाटावर मांडला. बॉनेटला हार घातला. मग हिंमतरावांनी मला रॉकेलने पुसून पाटाशेजारी ठेवलं.

"काढून टाकलेल्या लोखंडाची कसली पूजा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"पंधरा वर्सं पोटाखाली राबलाय. एक बोट कुकू लावलं न्हाय आपुन त्याला."

आता मी इथे वेलीला आधार देतो. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या पोटाखाली कधीतरी वाकून बघा, ग्रीस मारा. आणि घरातल्या कुणाचा हात थरथरताना दिसला, तर 'वय झालं' म्हणून मोकळे होऊ नका, तिथेही आधी वाकून बघा. तुमचं म्हणणं ते माणूस खरं मानून बसतं हो!

त्या खंडेनवमीला हिंमतरावांनी माझ्या पाठीवर, जिथे कधीकाळी खडूची खूण होती तिथेच, कुंकवाची सरळ रेघ ओढली. त्यांचं बोट जराही हललं नाही.