जाळीपलीकडे फक्त कोट होता

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पण माझ्यात कपडे किंवा दागिने शोधू नका. चर्चच्या डाव्या भिंतीला टेकून उभी असलेली पापनिवेदनाची पेटी ती मीच. मधल्या कप्प्यात फादर बसतात, बाजूच्या कप्प्यात माणूस गुडघे टेकतो आणि दोघांच्या मध्ये असते माझी जाळी. सुताराने ती इतकी बारीक कोरली की चेहरा ओळखू येऊ नये, आवाज मात्र पोचावा.

इथे माणसं आपल्या चुका देवाला सांगतात. फादर ऐकतात, समजुतीचे दोन शब्द बोलतात आणि देवाच्या वतीने क्षमा देतात. ते क्षमेचे शब्द कानांनी ऐकायचे असतात. आतलं बोलणं फादर कुणाला सांगत नाहीत, आणि मीही नाही. कितीही लाडीगोडी लावा, मी ताकास तूर लागू देणार नाही.

पूर्वी माझ्यापुढे रांग लागायची. एखादी चिमुरडी आईला विचारायची, "देवाला सगळं माहीत असतं, मग सांगायचं कशाला?" आई म्हणायची, "तुला हलकं वाटावं म्हणून, बयो." हल्ली रांग नसते. कुणीतरी माझ्यात झाडू ठेवून जातं, तेव्हा जीव तुटतो. पण मला सगळ्यात जास्त ओढ लागली होती ती एका शिंप्याची.

बायको गेल्यापासून तो चर्चला फिरकला नव्हता. एका दुपारी आला, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच. नेमकं थोड्याच वेळापूर्वी फादरांना एका आजारी आजींकडे धावत जावं लागलं होतं. घाईत काळा कोट खुर्चीच्या पाठीवर राहिला. जाळीतून तो कोट दिसला आणि शिंप्याला वाटलं, फादर बसलेत. तो गुडघ्यांवर बसला आणि अडखळत, रडत सगळं बोलला. काय बोलला ते विचारू नका.

मग तो थांबला. "फादर?"

कोट काय बोलणार? अरे बाबा, आत कुणी नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला वाचा कुठली.

"बरोबर आहे," तो पुटपुटला. "माझ्यासारख्याला काय म्हणणार तुम्ही." आणि निघून गेला.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा, पण शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे वेदीपाशी ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायला उठत, हा मात्र क्षमा मिळाली नाही म्हणून मान खाली घालून बसून राही. देवानेच तोंड फिरवलं, अशी त्याची समजूत. भलतंच काहीतरी. देव तर त्याची माझ्याहून जास्त वाट बघत होता. मी त्याच्या चपलांचा आवाज ओळखायला शिकले. माझ्याजवळून जाताना तो पाऊल भरभर उचलायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

शेवटी उसवलेला झगा शिवायला देताना फादरांनी त्याला माझ्याशेजारीच गाठलं. "मास्तर, ख्रिस्तप्रसादाला का येत नाही?"

"पापनिवेदनाला आलो होतो. सगळं सांगितलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"कधी?"

"कोपऱ्यावरच्या आजी वारल्या, त्या दुपारी."

फादरांचा चेहरा उतरला. "मी तेव्हा आजींच्या उशाशी होतो, मास्तर. आत माझा कोट होता."

शिंपी बघतच राहिला. "म्हणजे मी कोटापुढे रडलो? आणि तोही मीच शिवलेला?"

दोघं हसले, आणि हसता हसता शिंप्याचे डोळे भरून आले. फादर मधल्या कप्प्यात जाऊन बसले. शिंप्याने पुन्हा गुडघे टेकले, सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी जाळीतून उत्तर आलं.

पुढचं बोलणं बाहेर झालं, म्हणून सांगते. शिंपी तिथून हलेना. फादर म्हणाले, "जा मास्तर, देवाने ऐकलं."

"परत एकदा म्हणा ना, फादर."

"देवाने ऐकलं, मास्तर."

मित्रांनो, मला पॉलिश करा, न करा, झाडू तेवढे दुसरीकडे ठेवा. पण कुणी चाचरत तुमच्यापाशी मन मोकळं करायला आलं, तर त्याला तसंच परत जाऊ देऊ नका. 'ऐकलं' एवढं तरी म्हणा, आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणा.