कसर

मास्तरांनी कापड बेतायच्या टेबलावर काळं अस्तर पसरलं, त्यावर पांढरी गोळी ठेवली आणि टाके उसवायच्या पात्यानं तिचे बरोबर दोन भाग केले. उडालेला कण ओल्या बोटानं टिपून त्यांनी तो अर्ध्या गोळीवरच ठेवला. औषध काय फुकट येतं?

कसर काढण्यात या शिंप्याचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. दोघांच्या कापडात ते तिघांचे सदरे बसवत, आणि वर उरलेल्या चिंधीचा खिसा. त्यामुळे बायकोच्या फिटच्या गोळीचा भाव पुन्हा वाढला, तेव्हा त्यांचं डोकं सवयीनंच चाललं. शिवणीत आपण मार्जिन सोडतो, तसं डॉक्टरही औषधात थोडं जास्तीचं सोडत असणार. इतकी वर्षं फिट आलेली नाही, म्हणजे मार्जिन आहेच.

बायकोला मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता अर्धीच पुरे."

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू?"

तिनं लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, अर्धी झाली माझी गोळी. बघता बघता सुटेलसुद्धा." मास्तरांनी मशीनवर पाय जोरात मारायला सुरुवात केली. पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं.

ती खरोखरच बदलली. काज करताना गुणगुणायला लागली. मग एके दिवशी तिनं इस्त्री मागितली. फिटच्या भीतीनं मास्तरांनी ती कधीच तिच्या हाती दिली नव्हती.

"राहू दे, मी करतो," ते म्हणाले.

"का? आता बरी आहे ना मी?"

नाही म्हणायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं. त्यांनी इस्त्री दिली.

नवव्या की दहाव्या सदऱ्याला ती कोसळली. इस्त्री हातावर पडली. मास्तर मशीन सोडून धावले, तोवर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती.

दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, गोळी रोज अख्खी घेता ना?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर आपल्या नखांतला खडू काढत बसले होते. मान काही वर होईना.

"मीच अर्धी करून घेत होते," ती म्हणाली. "मोठी आहे, गिळवत नाही."

"अहो, असं करतात का? ही गोळी दिवसभर हळूहळू उतरते. कापली की सगळं औषध एकदम उतरतं आणि बाकीचा दिवस रिकामा जातो. एवढ्या वयात कळू नये?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

बाहेर बाकावर दोघं बसली.

"बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर," मास्तर म्हणाले.

"शिव्या देऊन काय होणार? हाताचं काही नाही हो, भाजलंय, भरून येईल." तिनं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मला वाटलं होतं, मी बरी होतेय."

मास्तर रडले. भर दुपारी, माणसांच्या येण्याजाण्यात. तिनं त्यांना रडू दिलं, मग पदर पुढे केला.

"झेपत नाही म्हणाला असतात, तर काहीतरी काढला असता मार्ग," ती म्हणाली. "कापडात काढा कसर. माझ्यात नको."

काही दिवसांनी मास्तरांनी अर्धं दुकान घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं दिलं. मधे पत्र्याची भिंत घालायची, तर टेबल आड येत होतं. सुतार आला, त्यानं टेबलावर थाप मारली आणि हळहळला.

"मास्तर, अख्खं विका. कापलं की कुणी विचारणार नाही याला."

"विकायचं नाही. माझं अर्ध्यावर भागेल."

त्यांनी टेप लावली, पुन्हा एकदा लावून खात्री केली आणि स्वतःच खडूनं रेघ मारली. तेवढ्यात बायको पाण्याचा पेला घेऊन आली. तळहातावरची अख्खी गोळी तिनं त्यांना दाखवली. हल्ली रोजच दाखवायची. मग गिळली.

करवत चालायला लागली तसं टेबल थरथरायला लागलं. तिनं पेला बाजूला ठेवला आणि भाजलेला हात सांभाळत, दुसऱ्या हातानं आपल्या बाजूचं टोक धरून ठेवलं.