कुरकुर न करणारा सेल

देसाई सरांनी सुरती घारीचा पहिला तुकडा बॅटरीचा सेल तपासणाऱ्या मशीनसमोर ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला आणि पडद्यावरच्या सरळ रेघेला हात जोडले.

"हर्षदा, परवापासून हूं की चूं नाही. इतका गुणी सेल या लॅबमध्ये आजवर झाला नाही."

हर्षदाने घारी नुसतीच हातात धरली. सेलमध्ये द्रव नव्हता. चिनीमातीसारख्या कडक चकतीतून लिथियम पलीकडे जायचं, परत यायचं, आणि जाता-येता कुरकुरायचं. व्होल्टेजची रेघ वरखाली व्हायची. पण लिथियमचा केसाएवढा तंतू चकती पोखरून पलीकडे पोचला, की कुणालाच त्रास उरत नाही. रेघ खाली येते, सरळ होते. सेल मेलेला असतो, फक्त वागणूक सुधारलेली असते.

"करंट वाढवून बघू, सर. जिवंत असेल तर विरोध करेल."

"सुखाने चाललंय त्याचं. कशाला डिवचतेस?"

तेवढ्यात घरून फोन आला.

"माय, आबा कसे आहेत?"

"चांगला शेतस," उषाबाई म्हणाल्या. "भांडत नही, काही नही. दाळमा मीठ नव्हतं, तरी जेवी लिधं."

"विसरलीस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नही. मुद्दाम नही टाकं. रोज नही टाकत."

गोडादऱ्यातल्या खात्याचे, म्हणजे विणकामाच्या कारखान्याचे, लूम भंगारात निघेपर्यंत हर्षदाचे वडील लोटूआबा डाळीपासून देवापर्यंत सगळ्यांना सुनावत. लूमच्या आवाजावर आवाज चढवायची सवय. घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं.

हर्षदाने फोन ठेवला आणि सरांना न विचारता करंट वाढवला. मग आणखी वाढवला. रेघ जेमतेम हलली.

"बघ," सर कौतुकाने म्हणाले, "किती समजूतदार."

तिने घारी मशीनसमोरच्या तुकड्याशेजारी ठेवली आणि घरी जायला नवागामची रिक्षा धरली.

लोटूआबा जेवायला बसले होते. ती ताट घेऊन समोर बसली.

"आबा, मी पीएचडी सोडली."

"बरं."

"लोचो-फरसाणाची गाडी लावते."

"लाव."

"तुम्ही गल्ल्यावर बसा. पण मिशी काढावी लागेल. गिऱ्हाईक घाबरतं."

आबांनी मिशीवरून एकदा बोट फिरवलं.

"काढी टाकसू."

उषाबाई तव्याकडे बघत राहिल्या. पोळी करपत होती.

हर्षदाने मिठाची बरणी उघडली, मूठ भरली आणि आबांच्या देखत त्यांच्या डाळीत टाकली. आबांनी डाळ कालवली. घास घेतला. हर्षदाने चावणं थांबवलं, उषाबाईंनी पोळी उलटणं.

आबांचा जबडा थबकला.

"मीठ जरासं..."

"जरासं काय?" उषाबाई इतक्या घाईने वळल्या, की सांडशी खाली पडली.

आबांनी विचार केला. बराच वेळ केला.

"काही नही," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

उषाबाईंनी सांडशी उचलली, गॅस बंद केला. मग उघडी बरणी हलकेच हर्षदाकडे सरकवली.