सांडलेल्या पाण्याचे वाफे

मी एक जुनी दगडी डोणी आहे, गुरांना पाणी पाजायची. वरवट बकालच्या शिवारात भगवंतरावांच्या विहिरीशेजारी माझा मुक्काम. आणि मित्रांनो, खरं सांगते, हल्ली माझा जीव थाऱ्यावर नसतो. उजाडलं की मी कान देऊन ऐकत बसते, निंदायला बाया आल्या का म्हणून. एका डोणीला निंदणीची एवढी धास्ती कशाला, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचं आहे.

आमचा हा मुलूख खाऱ्या पाण्याचा. गोडं पाणी लागलं तर तो माणूस नशीबवान. भगवंतरावांच्या वडिलांना ते लागलं, तेव्हा त्यांनी पाथरवट बोलावून एकाच दगडातून मला घडवून घेतलं आणि रीत घालून दिली, की दिवसाची पहिली मोट डोणीत. आधी गावची मुकी जनावरं पितील, मग आपलं पीक.

मोट हाकायचा कचरू. पाणी पाटाला लागलं की ते पहिल्यांदा माझ्याकडे वळायचं. मी काठोकाठ भरले की उरलेलं पाणी माझ्या अंगावरून खाली उताराला सांडायचं. तिथे अंबूबाईचे वाफे होते. अंबूबाईला शेत नाही, विहीर नाही. नवरा गेला, पदरात एक पोरगी, म्हणून थोरल्या मालकांनी, म्हणजे भगवंतरावांच्या वडिलांनी, ती पडीक पट्टी तिला नुसत्या शब्दावर दिली होती. माझ्या सांडलेल्या पाण्यावर ती वांगी लावायची, मेथी लावायची, आंबाडी तर बाराही महिने. घरच्यांचं भागलं की उरलेली भाजी टोपलीत घालून बाजारात न्यायची. जाताना माझ्यावरून ओला हात फिरवून जायची. एखादी म्हैस चांगली म्हणून थोपटावी, तसा! मला फार बरं वाटायचं.

दोनेक वर्षांमागे महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हापासूनची ही गोष्ट. मलकापूरच्या स्टेशनावरून बैलगाडीत घालून एक ऑइल इंजिन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले, इंजिन धडधडलं आणि पाइपातून मनगटाएवढी धार पडली. माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. मीही पाहत होते. पण धार पडली ती विहिरीच्या पलीकडच्या अंगाला. केळीचं वावर तिकडून जवळ, म्हणून मिस्त्रीने पाइप तिकडे बसवला.

रीत कुणी मोडली नाही हो. मोडायची असं कुणाच्या मनातही नव्हतं. डोणी कुणीतरी भरत असेल, असं ज्याला त्याला वाटलं. मोट गेली, तशी पहिली मोटही गेली.

मी आंधळी नाही. भगवंतरावांची केळी ट्रकात भरून मलकापूरला जाऊ लागली, गावातल्या कितीतरी बायांना रोजचं काम मिळालं. बैलांचे सोललेले खांदे भरून आले. हे सगळं मला दिसत होतं आणि आवडतही होतं. पण माझ्या तळाचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे उडायला लागले. गुरं यायची, कोरड्या दगडाला जीभ लावायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

अंबूबाई पलीकडून डोक्यावर घागर घेऊन यायची. पहिली घागर माझ्यात ओतायची आणि बाकीच्या वाफ्यांना घालायची. अशा किती घागरी आणणार? वांग्याची फुलं गळाली. मेथी पिवळी पडली. ती मधूनच मान धरून खाली बसायची आणि मी नुसती चडफडायचे.

शेवटी एकदा ती बोललीच. भगवंतराव माझ्या काठावर बसून कचरूला सांगत होते, "पाह्य कचरू, मोटीच्या राज्यात अर्धं पानी इकडंतिकडं जाये. आता एक थेंब वाया जात नाही."

अंबूबाईने घागर खाली ठेवली. "मालक, वाया काऊन म्हनता? ते पानी माह्या वाफ्यात येत होतं."

भगवंतराव चपापले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अंबूबाई, गावाचं उत्पन्न वाढून राह्यलं. आज नाही तर उद्या ते तुह्या घरापरेंत पोचनच ना?"

"पोचन हो. पन तोवर पोरीच्या ताटात काय वाढू?"

"कचरू, तू सांग बे," भगवंतराव म्हणाले.

कचरू बिचारा कात्रीत सापडला. "मले इंजिन पाह्यजे मालक. मोट हाकू हाकू पाठीचा काटा ढिला झाला माह्या. पन बाई बी खोटी नाही बोलून राह्यली."

मित्रांनो, मोठमोठी माणसं यावर पुस्तकं लिहीत असतील. मला एवढंच समजलं, की तिघंही खरं बोलत होते आणि माझ्यात पाणी नव्हतं.

भगवंतरावांनी मग आपल्या परीने तोड काढली. ती पट्टी केळीत घ्यायची, पाइप तिथवर आणायचा आणि अंबूबाईला बारमाही काम द्यायचं. वाफे तर जळालेच होते. ती हो म्हणाली. आणि काय बघा, ज्या पाण्यासाठी तिने मान मोडून घेतली, ते पट्टी हातची गेल्यावर भरभरून आलं! स्वतःच्या वाफ्यांत तिने स्वतःच्या हातांनी केळीचे कंद पुरले. मजुरी चोख मिळू लागली. भाजी मात्र ती बाजारातून विकत आणू लागली, तीही निवडून निवडून, थोडीशी.

काही दिवसांनी केळीच्या बुडाशी, बांधाच्या कडेने, लालसर देठांची रोपं वर आली. आंबाडी! मी ओळखली. निंदणाऱ्या बायांनी तण म्हणून उपटली तर? पण सांगणार कुणाला?

काल भगवंतराव फेरी मारताना तिथे थबकले. निंदणाऱ्या बायांची खुरपी जागच्या जागी थांबली.

"हे कोनं पेरलं?"

"म्या," अंबूबाई म्हणाली. तिची मान खाली नव्हती.

"केळीचं खत खाईन ना ते!"

"खाऊ द्या मालक. माह्या घरचे बी खातीन."

भगवंतराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. धोतराचा सोगा सावरून निघून गेले. बायांनी खुरपी खाली ठेवली आणि कडेची ती ओळ न निंदता आजवर ठेवली; मालकांचा निरोप येईल तशी उपटायची, नाहीतर राखायची.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मोठमोठी इंजिनं आणाल. जरूर आणा. फक्त पाइप बसवण्याआधी विहिरीला एक चक्कर मारा आणि खाली उताराला कोण राहतं ते बघा. माझं एवढं ऐका.

आता उजाडलं आहे. बाया रांगेने येताना दिसताहेत. अंबूबाईही त्यांच्यात आहे, तिच्या हातात खुरपं आहे, आणि मालकांचा निरोप अजून आलेला नाही.